हबीब पेंटरचा मोठ्या अक्षरांचा कॉम्प्युटर

हबीब पेंटर गेल्याचं मला दुकानात कळलं. सकाळची वेळ होती. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते, हे मी एका म्हातारीला समजावून सांगत होतो. तेवढ्यात समोरच्या टायरवाल्यानं रस्त्यातूनच आवाज दिला, "अरुणभौ, हबीबचाचा गेले." मी विचारलं, "कोणं सांगतलं?" तो म्हणाला, "मशिदीच्या भोंग्यावर पुकारलं ना आत्ता." तरी मी परत विचारलं, "नक्की?" टायरवाला माझ्याकडं बघतच राहिला. त्या बिचाऱ्याला काय माहीत! आमच्या घरात एका माणसाच्या मरणाची बातमी चांगली रंगीत कागदावर छापून आली होती, हळदीकुंकू लावून वाटायला सुरुवातही झाली होती, आणि तो माणूस आजही उमरखेडला सकाळी भाकर खाऊन शेतात चक्कर मारतो. छापायला दिली होती खुद्द हबीबभाईंनी. तेव्हापासून अशी बातमी दोनदा विचारून घ्यायची मला सवय लागली आहे. या वेळी मात्र ती खरी निघाली. दुपारी दफन झालं. मी गेलो, माती दिली, घरी येऊन आंघोळ केली आणि संध्याकाळी दुकान उघडलं. त्यालाही आता काही आठवडे झाले.

पांढरकवड्यात बसस्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. त्याला लागून हबीबभाईंचा गाळा होता. मी दुकान टाकलं तेव्हा पाटी रंगवायला त्यांनाच सांगितलं, आणि त्यांनी दोन दिवसांत देतो म्हणून पावसाळा संपेपर्यंत दिली नाही. मी चिडलो की ते म्हणायचे, "अरुणभौ, औषध घाईत देता काय तुम्ही? मग अक्षर काहून घाईत मांगता?" या बाण्याचा माणूस. खडूच्या दोरीनं पाटीवर रेषा मारायची, चहा प्यायचा, रेषेकडं बघायचं, पुन्हा चहा प्यायचा. गावातल्या निम्म्या दवाखान्यांच्या, कापसाच्या जिनिंगच्या, शाळांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या आणि हे ते कोणालाही पाच मिनिटांत सांगायचे. गर्व म्हणा हवं तर. मग फ्लेक्स आलं आणि वर्षभरात पेंटरांचे ब्रश सुकले. गाळा गेला. घरी बसून हबीबभाई दोन महिने कोणाशी धड बोलले नाहीत. हमीदाभाभी माझ्याकडं येऊन विचारून गेल्या, झोपेची गोळी असते तशी बोलायची गोळी असते काय म्हणून.

त्यांचा मुलगा नागपूरला नोकरीला. त्यानं बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून जुना कॉम्प्युटर आणून बापाच्या पुढ्यात ठेवला. मॉनिटर तो जुना, पोटाचा, मागं हंड्याएवढा फुगलेला. भाभींनी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. हबीबभाईंनी आधी त्याच्याकडं पाठ केली, मग हळूच तोंड केलं, आणि एका उन्हाळ्यात लग्नपत्रिका लावायला शिकले. हिंदूंच्या, बौद्धांच्या, बंजाऱ्यांच्या, मुसलमानांच्या, सगळ्यांच्या. घरीच लावायच्या आणि पेन ड्राइव्हमध्ये घालून बसनं यवतमाळच्या प्रेसला पाठवायच्या. त्यांची रीत ठरलेली होती. कोऱ्या पानावर पत्रिका कधीच लावायची नाही. जुनी एखादी उघडायची, तिची नक्कल करायची आणि एकेक नाव पुसत नवं टाकत जायचं. श्री., सौ., कै., चि. हे सगळं डावीकडं एका वेगळ्या उभ्या पट्टीत, म्हणजे पुढची नावं कशी एका ओळीत येतात. पेंटर माणूस, ओळीसाठी जीव टाकायचा.

एका वैशाखात वीज कडाडली आणि कॉम्प्युटर बसला. गावातल्या कोण्या मेकॅनिकनं फॉरमॅट मारून तो चालू करून दिला, पण तेव्हापासून पडद्यावरचं सगळं फुगलं. आयकॉन भज्यांएवढे, अक्षरं ही एवढाली, रंगही फाटल्यासारखे. अख्खी पत्रिका काही केल्या पडद्यात मावेना. एका वेळी तिचा एक कोपरा दिसायचा. बाकीची बघायची तर खालची पट्टी सरकवत उजवीकडं जायचं, डावीकडं यायचं. दुकानात मी कॉम्प्युटरवर बिलं काढतो, म्हणून मला वाटायचं आपल्याला कळतं. मी जाऊन सेटिंगमधली रेझोल्यूशन वाढवायची, म्हणजे अक्षरं बारीक करायची, ती सरकती खुंटी ओढून पाहिली. ती ओढली की परत जागेवर. पुन्हा ओढली, पुन्हा परत. मी वैतागलो. हबीबभाई म्हणाले, "राहू द्या डॉक्टर, रुसला आहे तो. मोठं दिसते त बरंच आहे, चष्म्याचं काम नाही." मेडिकलवाल्याला डॉक्टर म्हणून चिडवायची त्यांची जुनी खोड. मी म्हटलं मरो, आणि घरी आलो.

आता दादाविषयी सांगायला हवं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मधुकर. उमरखेडला मास्तर होता, तिकडंच शेत घेतलं आणि तिकडचाच झाला. आई त्याच्याकडं असायची. तिचं शेवटचं दुखणं निघालं तेव्हा मी म्हणत होतो नागपूरला न्या, तो म्हणत होता तिला घरीच राहायचं आहे. ती घरीच वारली. तेरवीच्या दिवशी पाहुण्यांसमोर आमची जुंपली. कोणी कोणाला काय म्हटलं ते आता उगाळत नाही. दोघांच्याही तोंडाला त्या दिवशी लगाम नव्हता. शेवटी दादा म्हणाला, "आजपासून तू मले मेला, अन् मी तुले मेलो." मी म्हटलं, "चालते." आणि खरंच वर्षानुवर्षं चाललं. दिवाळी नाही, फोन नाही. माझी मुलगी अश्विनी मात्र चोरून त्याला फोन करायची. लहानपणी उन्हाळाभर त्याच्याच खांद्यावर असायची ती. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मला सरळ सांगितलं, "बाबा, मोठेबाबा मांडवात नसतील त तारीख पुढं ढकला. मी उभी राहत नाही." पोरगी माझ्यासारखीच हट्टी, बोलून उपयोग नव्हता. तिनंच दादाला फोनवर विनवून विनवून मनवला. तो म्हणाला, "तुया बापाच्या पत्रिकेत माझं नाव असलं त येतो. त्याच्या तोंडचं आमंत्रण नको, छापलेलं पाहिजे."

मी हबीबभाईंकडं गेलो आणि म्हणालो, निमंत्रकात दादाचं नाव पहिलं टाका, आणि माझ्या नावाहून मोठ्या अक्षरात टाका. ते हसले. "भांडण केलं तेव्हा बारीक होता, आता मोठा झाला काय भाऊ?" मी म्हटलं, "तुम्ही टाका ना, खामखा डोकं नका खाऊ." मला तोंडावर गोड बोलता येत नाही, कधीच आलं नाही. अक्षर मोठं करायला सांगणं, एवढंच मला जमणार होतं. पत्रिका एकदा दाखवा म्हटलं तर हबीबभाई म्हणाले, "प्रूफ कायले? आपल्या अश्विनीची आहे. घरच्या कामाचं कोणी प्रूफ काढते काय?" आणि फाइल परस्पर यवतमाळला गेली.

गठ्ठे आले. बायकोनं पहिली पत्रिका केळापूरच्या देवीपुढं ठेवली. दुसरी दादाची. उमरखेडच्या गाडीवर ओळखीचा कंडक्टर होता, त्याच्या हाती पहिल्याच गाडीनं पाठवून दिली. मग घरातली मंडळी नावं टाकायला बसली, आणि दुपारी अश्विनीनं एक पत्रिका उचलून पहिल्यांदा नीट वाचली. ती किंचाळली. मी धावत आत गेलो. तिनं बोट ठेवलं होतं तिथं सगळ्यात वर, माझ्या नावाच्या दीडपट अक्षरात छापलं होतं... कै. मधुकरराव.

मी उमरखेडला फोन लावला. दादाचा बंद. वहिनीचा लागला. वहिनी एवढंच म्हणाली, "गाडी आली, यायनं पत्रिका वाचली, अन् आंघोळ केली." आणि ठेवून दिला. आपल्याकडं कोणाच्या मरणाची बातमी आली की आंघोळ करतात. दादानं स्वतःच्या नावाची केली होती. मी तुले मेलो असं तो कधीकाळी म्हणाला होता, त्याचं उत्तर मी छापून पाठवलं असंच त्याला वाटणार, यात मला काडीचा संशय नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

मी पत्रिका घेऊन हबीबभाईंच्या घरी गेलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. ते कोणाची तरी पत्रिका लावत बसले होते. माझ्या हातातला कागद त्यांनी बघितला, मग आमची फाइल उघडली. पडद्यावर दादाचं नाव होतं, मोठं, ऐसपैस, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "हे पाहा, कुठं आहे कै.?" ते म्हणाले. मी म्हटलं, "डावीकडं सरका." त्यांनी खालची पट्टी पकडून सरकवली. नाव उजवीकडं गेलं आणि डावीकडून पडद्यात तो कै. आला. ज्या जुन्या पत्रिकेची नक्कल केली होती, त्यातल्या घरचे थोरले वारलेले होते. हबीबभाईंनी नाव पुसून दादाचं टाकलं, मी सांगितलं म्हणून मोठं केलं, मोठं केल्यावर ते पडद्यात मावेना म्हणून खालची पट्टी उजवीकडं ओढली, आणि श्री.-कै.ची ती उभी पट्टी पडद्याबाहेर राहिली. या अल्ला, म्हणाले ते. माझा राग तिथंच अर्धा उतरला, कारण त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. उठून त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "कुठं?" मी विचारलं. "उमरखेडले," ते म्हणाले. "तुम्ही गेले त तो दार उघडणार नाही. मले उघडीन. मी मारला, मीच जातो."

तिथं काय झालं ते मला नंतर दादानंच सांगितलं, आणि पुढं इतक्यांदा सांगितलं की मी तिथं होतो असं मलाच वाटतं. हबीबभाई गाड्या बदलत पोचले तेव्हा दिवस मावळत होता. दादा अंगणात बाजेवर बसला होता. हबीबभाई म्हणाले, मी पांढरकवड्याचा हबीब पेंटर, तुमची पत्रिका मी लावली. दादा म्हणाला, "मेल्या माणसाशी काय बोलता? तेरवीले या." हबीबभाई खाली ओट्यावर बसले आणि सगळं सांगू लागले. पडदा मोठा दिसते, पान मावत नाही, नाव मोठं केलं म्हणून सरकलं. दादा मास्तर होता. पोरांची असली कारणं ऐकण्यात त्याचा जन्म गेला. तो म्हणाला, "नाव मोठं केलं म्हणून माणूस मेला? माझ्या भावानं चांगलं पढवून पाठवलं तुम्हाले." तेव्हा हबीबभाई म्हणाले, "पढवलं असतं त ते स्वतः नसते आले? मास्तर, माझं खरं नका मानू. माझा कॉम्प्युटर तसाच आहे, चला, डोळ्यानं पाहा. खोटं निघालं त त्याच पावली परत या, मी पुन्हा तोंड दाखवत नाही." रात्री ते तिथंच जेवले. वहिनीनं वाढलं. सकाळच्या गाडीनं दोघं निघाले, आणि पूर्ण रस्ताभर दादा त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही.

इकडं आमच्या अश्विनीबाई! कॉम्प्युटर शिकलेली पोरगी, हातावर हात ठेवून कशी बसणार? सकाळीच ती हबीबभाईंच्या घरी गेली, तिच्यामागं मी. तिचं म्हणणं, सगळा घोळ या पडद्यानं केला, आधी याला सरळ करते, मग पत्रिका नीट लावून देते. भाभींनी तिला दार उघडून दिलं, चहा दिला. तिनं डब्याची बाजू उघडली, आतली धूळ झटकली आणि मदरबोर्डावरचा नंबर वाचून घेतला. तिनं मला समजावलं ते असं: पडदा कसा रंगवायचा हे कॉम्प्युटरला सांगणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मेकॅनिकनं फॉरमॅट मारला तेव्हा तो उडाला आणि परत घातलाच नाही. म्हणून बिचारा कसंबसं, मोठं मोठं दाखवत होता. तिनं मोबाइलवरून तो ड्रायव्हर शोधला, उतरवला, आत घातला आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. माझ्या हातून परत पळणारी ती खुंटी तिनं ओढली तर गुमान जाऊन बसली. पडदा एकदा काळा झाला, आणि मग सगळं बारीक, लख्ख, रंग कोरे करकरीत. अख्खी पत्रिका वरपासून खालपर्यंत एका नजरेत. भाभींनी कडाकडा बोटं मोडली तिच्यावरून. मीही खूश झालो. आम्ही तिघं त्या पडद्याचं कौतुक करत उभे होतो, तेवढ्यात दारात हबीबभाई आले आणि त्यांच्यामागं दादा.

दादानं माझ्याकडं बघितलंही नाही. पांढरा झाला होता, वाकला होता थोडा. तो सरळ कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "दाखवा." दाखवायचं काय त्यात? पडद्यावर पत्रिका उघडीच होती. सगळ्यात वर, आंधळ्यालाही दिसेल असा, कै. मधुकरराव. दादानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग हबीबभाईंना शांतपणे विचारलं, "हे दिसत नव्हतं तुम्हाले?"

हबीबभाईंना काही कळेचना. ते पडद्याकडं बघताहेत, अश्विनीकडं बघताहेत, पुन्हा पडद्याकडं. "हा माझा नाही," ते म्हणाले. "हा माझा कॉम्प्युटर नाही, मास्तर, कसम से..." दादा उठला. मी आयुष्यात कोणाचा इतका खोटा पडलेला चेहरा पाहिला नाही, आणि तो माणूस एक अक्षर खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, दादा, अरे पोरीनं आत्ताच... तो म्हणाला, "तू बोलू नको. मेल्याशी बोलत नसतात." आणि चपलेत पाय घातला. संपलं होतं खरं तर. आता हा गेला की मरेपर्यंत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अश्विनी दारात आडवी झाली. "मोठेबाबा, दहा मिनिटं बसा. मी बिघडवला तो, मीच परत बिघडवते... नाही, सुधरवला. म्हणजे परत बिघडवते." एरवी हसू आलं असतं. दादा तिच्याकडं बघत राहिला. तिला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. बसला. तिनं मघाशी घातलेला ड्रायव्हर काढून टाकला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. जुनी मशीन ती, तिला उठायला किती वेळ लागतो! खोलीत पाच माणसं आणि पंख्याची घरघर. भाभी दाराला टेकून तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होत्या. मग पडदा उजळला आणि आले ते भज्यांएवढे आयकॉन. हबीबभाईंचा जीव भांड्यात पडला. "हा माझा," ते म्हणाले.

दादानं त्यांना खुर्ची दिली आणि मागं उभा राहिला, पोराच्या वहीत वाकून बघतात तसा. "आता माझं नाव पुसा अन् पुन्हा टाका." हबीबभाईंनी पुसलं, आधी साध्या आकारात टाकलं. नाव पडद्यात मावलं होतं आणि डावीकडं कै. दिसत होता. दादा म्हणाला, "दिसते की." हबीबभाई म्हणाले, "थांबा ना. आता मोठं करतो, तुमच्या भावानं सांगतलं तेवढं." त्यांनी अक्षर मोठं केलं. आडनाव पडद्याबाहेर गेलं. ते बघायला त्यांनी पट्टी उजवीकडं सरकवली आणि कै. हळूच डाव्या कडेआड निघून गेला. पडद्यावर राहिलं फक्त दादाचं नाव. दादानं स्वतः माउस हातात घेतला. पट्टी डावीकडं नेली, कै. आला. उजवीकडं नेली, गेला. असं दोन-तीनदा केलं. मग पान खाली ओढून माझं नाव शोधलं. ते बारीक होतं. "हे एवढंसं काहून?" त्यानं विचारलं. हबीबभाई म्हणाले, "तेच त सांगून राह्यलो कालपासून. तुमचं मोठं टाका म्हणाला तो. तुमचं मोठं केलं नसतं त तुम्ही मेले नसते."

दादा खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तोंडानं सांगता येत नव्हतं बे तुले?" मी म्हटलं, "घरी चाल, जेवण व्हायचं आहे." तो आला. डोळे माझेही भरले होते, ते लिहायला आता लाज वाटत नाही.

छापून आलेल्या पत्रिका फेकू नका म्हणून हबीबभाईंनी सांगितलं. माळ्यावरून त्यांनी आपला बारीक ब्रश काढला, पत्रिकेच्या जमिनीचा, म्हणजे अक्षरांमागचा, रंग घोटून बरोब्बर जमवला, आणि प्रत्येक पत्रिकेवरचा कै. बुजवून त्यावर हातानं श्री. काढला. दादा शेजारी बसून एकेक पत्रिका वाळत घालत होता आणि एखादी ओळ हललेली दिसली की परत त्यांच्यापुढं सरकवत होता. मास्तरकी कुठं जाते! छापलेल्या अक्षरांत तो रंगवलेला श्री. असा काही उठून दिसायचा की लोक विचारायचे, हे काय नवीन. लग्नात दादा मांडवात होता, अश्विनीच्या पाठीशी. हबीबभाई पहिल्या रांगेत पान खात बसले होते.

लग्नाआधी अश्विनीनं तो पडदा पुन्हा नीट करून दिला. हबीबभाई महिनाभर कुरकुरले की अक्षरं मुंग्यांएवढी झाली. चष्मा लावला शेवटी. पुढं पत्रिका लावताना आधी डावी पट्टी वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचायचे, श्री., श्री., सौ., कै... आणि कै.पाशी थांबून पत्रिकावाल्याला विचारायचे, "हे खरंच गेले ना? घरी विचारून या." दोन-चार लोक चिडले म्हणे. एक बंजारा म्हातारा मात्र खरंच तांड्यात जाऊन विचारून आला होता. दादा पांढरकवड्याला आला की माझ्याकडं यायच्या आधी त्यांच्या घरी जायचा. दारात उभा राहायचा आणि ओरडायचा, "पेंटर, पाहून घ्या, जित्ता आहो." आतून उत्तर यायचं, "दिसले, मास्तर. पूर्ण दिसले." मग चहा, मग राजकारण, मग दोघांचे गुडघे. माझा भाऊ माझ्या घरी जेवणाच्या वेळेला पोचायचा. मला याचा कधीकधी रागही यायचा.

गेलं वर्षभर हबीबभाई थकले होते. हृदयाची औषधं माझ्याकडूनच जायची, म्हणून मला अंदाज होता. शेवटचं बघितलं तेव्हा ते अंथरुणावरून मला सांगत होते की माझ्या दुकानाची पाटी उतरवून द्या, किनार उडाली आहे, उठलो की करून देतो. मी म्हटलं, घाई नाही.

दादाला मी फोनवर कळवलं. तो म्हणाला, "कोणं सांगतलं?" मग म्हणाला, "नक्की?" त्याला ताप होता, दफनाला येता आलं नाही. बरा झाल्यावर, परवा आला. मी बसस्टँडवर घ्यायला गेलो होतो, पण त्यानं पिशवी माझ्या हाती दिली आणि त्याचे पाय आपसूक हबीबभाईंच्या घराकडं वळले. मी मागं गेलो. दारात तो नेहमीसारखा उभा राहिला. तोंड उघडलं, आणि काही बोलला नाही.

भाभींनी आत बोलावलं. खोली तशीच आहे. खिडकीपाशी कॉम्प्युटर, त्यावर क्रोशाचं झाकण. मुलगा म्हणतो घेऊन जातो, भंगारात देतो. भाभी हात लावू देत नाहीत. पुढं ती खुर्ची. भाभींनी दादाला त्याच खुर्चीवर बसायला सांगितलं. तो बसला. हात मांडीवर ठेवून, कॉम्प्युटरकडं तोंड करून, बराच वेळ. भाभींनी डोळ्यांना पदर लावला तेव्हा त्यानं वळून पाहिलं.

"भाभी," तो म्हणाला, "मी मेलो होतो त हा माणूस गाड्या बदलत बदलत उमरखेडले आला, अन् मले जित्तं करून घेऊन आला. आता याच्यासाठी मी कुठं जाऊ, सांगा."